टी-शर्टवरचा मार्ली खाली उतरव

दोस्ता,

जयंतीच्या मीटिंगीनंतर तू मला गाठलंस आणि विचारलंस, "रेगे ऐकायचंय, सुरुवात कुठनं करू?" मी तोंड उघडायच्या आत मागनं एकजण बोलला, "त्यात ऐकायचं काय? गांजा ओढायचा आणि माना हलवायच्या." सगळे हसले. तू हसलास. मीही हसलो. कवी म्हणवणाऱ्या माणसाला ऐन वेळी उत्तर सुचत नाही, ही जुनी बोंब. म्हणून आता लिहून देतो. लांबेल. पण तू विचारलंयस, तर भोग.

या शहरात रेगेबद्दल दोनच मतं फिरतायत. एक त्या पोरांचं, ज्यांना कॉलेजात सोडायला ड्रायव्हर येतो. गोव्याच्या शॅकमध्ये बसून ते मार्ली लावतात. छातीवर त्याचं तोंड, हातात बाटली. त्यांच्या लेखी मार्ली म्हणजे सुट्टी. दुसरं मत आपल्यातल्या शहाण्यांचं. हे परक्याचं गाणं, नशेबाजांचं गाणं, आपल्याला आपली भीमगीतं बस्स. पहिल्यांनी हे गाणं ऐकलं नाही, चोरलं. दुसऱ्यांनी चोराच्या हातातला माल बघून मालकाला शिव्या घातल्या. दोघांनाही बाजूला सार.

चोरी कशी झाली ते आधी बघ. बॉब मार्ली ११ मे १९८१ ला गेला, वय ३६. तीन वर्षांनी, १९८४ साली, त्याच्या कंपनीने 'लेजंड' नावाची निवडक गाण्यांची रेकॉर्ड काढली. चौदा गाणी. रेगेत जगात सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड ती हीच. गाणी वाईट नाहीत, त्यातली दोनतीन तर आग आहेत. पण निवड बघ. प्रेम, नाच, पाखरं, काळजी करू नको सगळं ठीक होईल. मरायच्या दोन वर्षं आधी, १९७९ मध्ये, या माणसाने 'सर्व्हायव्हल' नावाची रेकॉर्ड केली होती, आख्खी आफ्रिकेच्या मुक्तीवर. तिच्यातलं एकही गाणं या चौदांत नाही. एकही.

हे आपल्याला काय नवीन आहे? बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात संविधान राहू दिलं, आणि 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हळूच काढून घेतलं. १९३६ चं ते भाषण लाहोरात का होऊ दिलं नाही, हे पुतळ्याला हार घालायला आलेल्या मंत्र्याला विचारून बघ. तो घड्याळ बघतो. निवड दुसऱ्याने केली की अर्थ दुसऱ्याचा होतो. म्हणून माझी पहिली अट: निवडक गाणी ऐकू नकोस. आख्खी रेकॉर्ड ऐक, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत.

दुसरी अट. मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर रेगे ऐकू नकोस. बाकीच्या गाण्यांत बेस मागे कुठेतरी भिंतीला टेकून उभा असतो. रेगेत तोच पुढे येऊन बोलतो. आणि ठोका बघ. आपल्या कानाला सवय आहे की पहिल्या मात्रेवर जोर येणार. इथे ढोल पहिली मात्रा रिकामी सोडतो आणि तिसरीवर पडतो. 'वन ड्रॉप' म्हणतात त्याला. गिटार उलट्या ठोक्यावर खट् खट् करत राहते. पहिल्यांदा वाटतं, गाणं लंगडतंय. लंगडत नाही. सगळं जग जिथे पाय टाकतं तिथे पाय टाकायचं ते नाकारतंय. हे छातीत कळायला मोठा बॉक्स लागतो. जयंतीला साउंड लावणाऱ्या आपल्या पोराला गाठ, दुपारी त्याच्या गाळ्यात बस आणि वाजव. जमैकातही हे गाणं असंच वाढलंय. रेडिओवर रास्तांना जागा मिळत नव्हती. मग भिंतीएवढे स्पीकर रस्त्यावर लावायचे, त्याला 'साउंड सिस्टिम' म्हणायचं, आणि वस्तीनेच ठरवायचं कुठलं गाणं चालणार. तेव्हा आपल्या जयंतीच्या आवाजाने ज्यांचे कान दुखतात त्यांना सांग, हा आजार जुना आहे आणि साता समुद्रापारही होता.

आता नावं.

सुरुवात बर्निंग स्पियरच्या 'मार्कस गार्वी' (१९७५) या रेकॉर्डपासून कर. मार्लीपासून नको. स्पियर म्हणजे विन्स्टन रॉडनी, जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेंट अ‍ॅन्स बे गावचा. मार्कस गार्वीही त्याच गावचा, जन्म १७ ऑगस्ट १८८७. छापखान्यात काम शिकलेला माणूस. १९१४ साली त्याने किंग्स्टनमध्ये संघटना काढली, पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गेला आणि तिथून लाखो काळ्या माणसांना सांगितलं की आपल्या कातडीची लाज वाटून घेऊ नका. १९१९ मध्ये त्याने 'ब्लॅक स्टार लाइन' ही आगबोटींची कंपनी काढली. पाच डॉलरचा एक शेअर. मोलकरणींनी, हमालांनी पै पै साठवून घेतला. कंपनीच्या गळ्यात जुनाट बोटी अव्वाच्या सव्वा किमतीला मारल्या गेल्या, १९२२ मध्ये ती बसली, आणि टपालातून फसवणूक केली म्हणून गार्वीला तुरुंगात घातलं. १९२७ मध्ये अमेरिकेतून हाकलला. १९४० मध्ये लंडनमध्ये मेला. १९६४ मध्ये त्याचे अवशेष जमैकाने समारंभाने आणले आणि त्याला राष्ट्रवीर केला. जिवंत असताना हाकला, मेल्यावर हार घाला. ही रीत सगळीकडची.

स्पियर या माणसाची आठवण काढतो. ओरडत नाही. त्याचा आवाज पहाटे मढ्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यासारखा येतो. 'स्लेव्हरी डेज' या गाण्यात तो गुलामीचे दिवस लक्षात आहेत का, एवढंच विचारत राहतो. पुन्हा पुन्हा. शाळेत शिकलेला हिशेब इथे मांड. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी बंद करायचा कायदा अमलात आला १८३४ मध्ये. नुकसानभरपाई दिली दोन कोटी पौंड, आणि ती दिली मालकांना. गुलामांना छदाम नाही. उलट शिकाऊ कामगार हे नाव देऊन १८३८ पर्यंत त्याच मालकांच्या उसात राबवलं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा सातबारा म्हणजे आठवण. स्पियर तो सातबारा वाचून दाखवतो. या रेकॉर्डलाही बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी कंपनीने घासून मऊ केलं, ते स्पियरला रुचलं नाही, त्याने पुढे स्वतःचं लेबल काढलं. मऊ केलेली असूनही ती इतकी टोचते, यावरून मूळ दगड काय असेल ते बघ.

यानंतर मार्ली. दोन रेकॉर्डी. 'बर्निन' (१९७३) ही तिघांची: मार्ली, पीटर टॉश, बनी वेलर. ट्रेंच टाउनच्या सरकारी चाळींत एकत्र वाढलेली पोरं. त्याच किंग्स्टनमध्ये बॅक-ओ-वॉल नावाची झोपडपट्टी होती, रास्तांची मोठी वस्ती. १९६६ मध्ये सरकारने तिच्यावर बुलडोझर फिरवला आणि तिथे टिव्होली गार्डन्स नावाची नवी वसाहत उभी केली. बुलडोझर कसा आवाज करतो हे तुला सांगायला नको. ते ध्यानात ठेवून 'बर्निन' ऐक, म्हणजे त्यातला जाळपोळीचा राग कुठनं येतो ते कळेल.

दुसरी 'सर्व्हायव्हल'. ही ऐकायच्या आधी तिचं कव्हर बघ. आफ्रिकेतल्या देशांचे झेंडे ओळीने. आणि वर नावाची जी पट्टी आहे, तिच्यात मागे काहीतरी बारीक नक्षी दिसते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला नक्षीच वाटली. डोळ्याजवळ नेलं तर माणसं. गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा नकाशा आहे तो, 'ब्रूक्स' नावाच्या जहाजाचा, १७८८ साली गुलामीच्या विरोधकांनी छापून वाटलेला. कायद्याने त्या जहाजात ४५४ माणसं भरायला परवानगी होती. आडवी, खांद्याला खांदा, पायाला डोकं. मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात माल कसा रचतात मला ठाऊक आहे. बोट कलंडू नये म्हणून वजन कुठे, फट राहू नये म्हणून काय कुठे. तो नकाशा ज्याने काढला त्याला काम येत होतं. एकही फट नाही. त्या रात्री पाळीवर हॅच उघडली आणि खाली बघायला मला दोन मिनिटं लागली. मुकादम ओरडला, मग उतरलो.

त्या रेकॉर्डमध्ये 'झिंबाब्वे' हे गाणं आहे. ते लिहिलं तेव्हा झिंबाब्वे नावाचा देश नव्हता, ऱ्होडेशिया होता, गोऱ्यांचं राज्य होतं आणि रानात लढाई चालली होती. एप्रिल १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला त्या रात्री मार्ली तिथल्या रुफारो स्टेडियमवर गायला. आत पाहुणे, मंत्री, राजपुत्र. ज्यांनी स्वातंत्र्य आणलं ती साधी माणसं बाहेर, भिंतीपलीकडे. ती आत घुसायला लागली तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो स्टेजपर्यंत आला. स्वातंत्र्याचा पहिला तास! हे दृश्य नीट डोळ्यांपुढे आण. १९४७ बद्दल आपल्या बापजाद्यांनी विचारलेला प्रश्न त्यात आहे.

मार्लीबरोबरचे दोघे तिथे थांबले नाहीत, तूही थांबू नकोस. पीटर टॉशची 'इक्वल राइट्स' (१९७७) घे. टॉश हा जास्त कडू माणूस. शांतता शांतता सगळेच म्हणतात, हक्काचं कोण बोलणार, असा त्याचा सवाल. २२ एप्रिल १९७८ ला किंग्स्टनमध्ये शांततेसाठी मोठा जलसा झाला. दोन पक्षांच्या गुंडांनी शहराची खाटीकखाना करून ठेवली होती. मार्लीने पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी पक्षाचा सीगा यांना स्टेजवर बोलावून त्यांचे हात एकमेकांत दिले. तो फोटो जगभर छापला. त्याच स्टेजवर टॉशने गाणं थांबवून दोघांना समोर बसवून सुनावलं होतं. त्याचा फोटो फारसा छापला नाही. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला पकडून चौकीत असा मारला की जीव जायचा राहिला. हात जोडणारा जगाला हवा असतो. सुनावणारा नको असतो.

टॉशकडून भाषा शिक. इंग्रजीत दाबण्याला जो शब्द आहे त्याची सुरुवात कानाला 'अप' सारखी लागते. रास्ता म्हणाले, दाबतात तर खाली, मग शब्दात 'अप' कशाला? त्यांनी 'डाउनप्रेस' असा शब्द केला, आणि दाबणारा तो 'डाउनप्रेसर'. राजकारणाला 'पॉलिट्रिक्स'. 'मी' आणि 'तू' असा भेद नको म्हणून 'आय अँड आय'. शाळेत याच बोलीला मोडकं इंग्रजी म्हणून छड्या मारत होते. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. सुरुवातीला निम्मं कळलं नाही. मग लक्षात आलं की गोऱ्या साहेबालाही निम्मं कळत नाही, आणि तेवढ्यापुरते आम्ही दोघे एका पायरीवर. बरं वाटलं. तूही घाबरू नकोस. तीनदा ऐक. आपल्या बोलीला ज्यांनी अशुद्ध म्हटलं त्यांना उत्तर द्यायला दुसऱ्याच्या अशुद्धाची मदत होते.

बनी वेलरची 'ब्लॅकहार्ट मॅन' (१९७६) रात्री ऐक. जमैकातल्या आया पोरांना भीती घालायच्या: ऐकलं नाहीस तर ब्लॅकहार्ट मॅन धरून नेईल. बागुलबुवा. आणि हा बागुलबुवा म्हणजे कोण, तर जटा वाढवलेला, गावाबाहेर राहणारा रास्ता. बनी गातो त्या पोराच्या बाजूने, जो मोठा होऊन स्वतःच तो बागुलबुवा झाला. ही भीती नुसती आयांची नव्हती. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या प्रकरणानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला धरलं, मारलं, जटा कापल्या. सरकारने माफी मागितली २०१७ मध्ये. चोपन्न वर्षांनी. आपल्याकडे कोण कुणाची माफी मागतो, त्याची यादी कर. कागदाचा चिटोरा पुरेल.

जरा मोकळा श्वास घ्यायचा तर कल्चर या तिघांची 'टू सेव्हन्स क्लॅश' (१९७७). दोन सात एकमेकांवर आदळतील तेव्हा उलथापालथ होईल, असं गार्वीने भाकीत केल्याची लोकांत बोलवा होती. रेकॉर्ड गाजली आणि ७ जुलै १९७७ आला. किंग्स्टनमध्ये कित्येक दुकानं उघडलीच नाहीत, माणसं घरात बसून राहिली. आकाश फाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर. अंधश्रद्धा म्हणशील, आहेच. पण पुढाऱ्याशिवाय, पत्रकाशिवाय, एका गाण्याने राजधानीत बंद करून दाखवला. आपल्यातल्या कुठल्या कवीची ही ताकद आहे? माझी नाही.

आता ढोल. 'ग्राउनेशन' (१९७३), काउंट ऑसी आणि त्याच्या मंडळींची, तीन तव्यांची लांबलचक रेकॉर्ड. एका बैठकीत नाही झेपणार. यात नायाबिंगीचे ढोल आहेत. तीन ढोल, एक धरणीसारखा धपकतो, एक चाल धरतो, एक वर बोलत राहतो. गुलामीत मालक लोक ढोलाला भ्यायचे. ढोलावरून बंडाचा निरोप जातो म्हणून बंदी घालायचे. इथे मी अडकलो. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. आपल्या वाट्याला हलगीची बंदी नव्हती, सक्ती होती. गावकीचं काम म्हणून पाटलाच्या दारात वाजवायची, मढ्यापुढे वाजवायची, आणि भाकरीचा तुकडा लांबून झेलायचा. चळवळीने सांगितलं, सोडा ते. माणसांनी सोडलं, बरं केलं. सक्तीचं वाजवणं सोडलंच पाहिजे. पण त्याबरोबर हातातला ठोकाही गेला का? ज्यांच्यावर बंदी होती त्यांनी ढोल वाजवून बंड केलं, ज्यांच्यावर सक्ती होती त्यांनी न वाजवून बंड केलं. दोन्ही बंडंच. पण तिकडे तमिळनाडूत दलित पोरांनी पराई परत हातात घेतली आणि मोर्चात वाजवतात, स्वतःच्या मर्जीने. मर्जी आली की वाद्य बदलतं. यावर आपल्या मीटिंगीत एकदा भांडण झालं पाहिजे.

ढोलानंतर डब. 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' (१९७६), ऑगस्टस पाब्लोची. टबी हा रेडिओ आणि वायरिंग दुरुस्त करणारा मिस्त्री. वॉटरहाउससारख्या गरीब वस्तीत त्याचा छोटा स्टुडिओ. झालेलं गाणं घ्यायचं, त्यातनं गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा, बेस आणि ढोल ठेवायचा, मधेच एखादा शब्द प्रतिध्वनीसारखा सोडायचा. ऐकताना वाटतं रिकाम्या वखारीत कुणीतरी हाक मारून गेलं. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याने हे मुद्दाम ऐकावं. किती शब्द फेकून दिले तरी म्हणणं उरतं, ते कळतं. याच मिस्त्री जातकुळीतला दुसरा म्हणजे ली पेरी. त्याच्या घरामागच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत 'हार्ट ऑफ द काँगोज' (१९७७) झाली. पहिलंच गाणं मच्छीमारावर. उंच बारीक आवाज सेड्रिक मायटनचा. परदेशात धंदा करणाऱ्या कंपनीने तेव्हा ती बाहेर काढली नाही. १९९६ मध्ये ती नीट परत छापली गेली तेव्हा कुठे जगभर पोचली. कोळीवाड्याशेजारी राहणाऱ्याने ती संध्याकाळी ऐकावी, एवढंच सांगतो.

इथवर मी स्तुती केली. आता भांडतो. कारण मीटिंगीत मागनं बोललेला तो अगदीच खोटं बोलला नव्हता.

पहिलं भांडण देवाशी. रास्ता लोक इथिओपियाचा बादशहा हेले सेलासी याला देव मानतात. २ नोव्हेंबर १९३० ला त्याचा राज्याभिषेक झाला आणि गोऱ्यांच्या जगात एक काळा माणूस मुकुट घालून बसला, याचा आनंद मला समजतो. पण दोस्ता, ज्याच्या राज्यात गुलामी बंद करायचा पक्का कायदा व्हायला १९४२ साल उजाडलं, १९७३ मध्ये वोलो प्रांतात माणसं दुष्काळाने किड्यामुंगीसारखी मेली आणि १९७४ मध्ये ज्याला त्याच्याच सैन्याने खाली ओढला, तो देव कसला? खुद्द गार्वीने १९३७ मध्ये या बादशहावर सडकून टीका केली होती. ती गाण्यांत येत नाही. आपण तेहतीस कोटी सोडून आलोय, चौतीसावा कोटी आयात करायला नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगून ठेवलंय. गाणं ऐक. हात जोडू नकोस.

दुसरं भांडण गांजाशी. हा शब्दच आपल्याकडचा. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० हिंदी माणसं करारावर जमैकाच्या मळ्यांत नेली, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातली, आणि त्यांच्याबरोबर हा शब्द गेला. गुलाम सुटले, त्यांच्या जागी कुली आणले, हा त्या करारांचा खरा अर्थ. रास्तांना गांजा प्रसाद आहे, त्याच्यासाठी त्यांनी तुरुंग भोगले. त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्या वस्तीत नशेने किती पोरं खाल्ली ते तू आणि मी मोजलंय, आणि पंचशीलातलं पाचवं शील आपण मोठ्याने म्हणतो. बेस ऐकायला धूर लागत नाही.

तिसरं भांडण सगळ्यात महत्त्वाचं. या सगळ्या यादीत आतापर्यंत एक तरी बाई आली का? नाही आली. रास्तांच्या काही पंथांत बाईने पाळीच्या दिवसांत चुलीजवळ जायचं नाही, वेगळं बसायचं. विटाळ! साता समुद्रापार तोच विटाळ. म्हणून ज्यूडी मोवॅटची 'ब्लॅक वुमन' (१९७९) चुकवू नकोस. मार्लीच्या मागे उभं राहून साथ देणाऱ्या तिघींतली ही एक. ही रेकॉर्ड तिने स्वतः उभी केली. थोरल्या गाण्यात ती काळ्या बाईचं ओझं सांगते, लिलावाच्या ओट्यापासून आजच्या स्वयंपाकघरापर्यंत. स्टेजवर मागे उभ्या असलेल्या बाईला पुढे आणल्यावर गाणं कसं बदलतं ते ऐक. आणि मग आपलं स्टेज बघ. आपल्या मागच्या मासिक बैठकीत चहा कुणी केला, आणि भाषण कुणी केलं? मी भाषण केलं. लिहून ठेवतो.

शेवटचं नाव. लिंटन क्वेसी जॉन्सन, 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी' (१९७९). जन्म जमैकाचा, १९५२ चा. १९६३ मध्ये आईपाठोपाठ लंडनला आला, ब्रिक्स्टनच्या वस्तीत वाढला. हा रास्ता नाही, याच्याकडे देव नाही. शाळेत असतानाच लंडनच्या ब्लॅक पँथर चळवळीत शिरला. होय, पँथर. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर झाली, लंडनच्या काळ्या पोरांनी ते नाव घेतलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत आपल्या कवींनी घेतलं. एका नावाची पोरं तीन शहरांत. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, वेलर्सची पहिली आंतरराष्ट्रीय रेकॉर्ड १९७३ ची. अमेरिकेतल्या काळ्यांच्या कवितेबद्दल आपल्या अंकांतून बोललं गेलं, बाबासाहेबांनी तर १९४६ मध्ये डुबॉइसला पत्र लिहून त्यांच्या लढ्याबद्दल विचारलं होतं. गाणं मात्र राहून गेलं. ते आता भर.

लिंटन गात नाही, बोलतो. बेसच्या वर कविता बोलतो, त्याच्या वस्तीच्या बोलीत, स्पेलिंगसुद्धा तोंडातल्यासारखं. त्या रेकॉर्डमधल्या एका कवितेत एक पोरगा तुरुंगातून आईला पत्र लिहितो, की धाकट्याला सांभाळायचं वचन मला पाळता आलं नाही. बसची वाट बघत उभे होते, पोलिसांनी संशयावरून धाकट्याला धरलं. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या एका जुन्या कायद्याने नुसत्या संशयावर उचलता यायचं. चळवळ झाली, पोरं पेटली, १९८१ मध्ये ते कलम गेलं. नुसता संशय म्हणून उचलणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या पारध्याला विचार. पुढच्या 'बेस कल्चर' (१९८०) मध्ये ब्लेअर पीच या गोऱ्या शिक्षकावर कविता आहे. २३ एप्रिल १९७९ ला साउथॉलमध्ये, हिंदी लोकांच्या वस्तीत, वर्णद्वेष्ट्यांच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, तिथे पोलिसांच्या माराने तो मेला. गोरा माणूस, हिंदी वस्ती, काळा कवी. एकजूट म्हणतात ती ही. आणि २००२ मध्ये पेंग्विनने या माणसाच्या कविता अभिजात मालिकेत छापल्या, त्याच 'मोडक्या' इंग्रजीत, एक अक्षर न सुधारता. आपल्या कवितेचं शुद्धलेखन तपासणाऱ्या संपादकांच्या दारावर हे चिकटवायला पाहिजे.

तर क्रम असा. स्पियर, मग 'बर्निन' आणि 'सर्व्हायव्हल', मग टॉश, बनी, कल्चर. त्यानंतर ढोल, डब, काँगोज. मग ज्यूडी. शेवटी लिंटन. आठवड्याला एक धरलीस तर अडीच महिने. ऐकून आपण जमैकन होत नाही, त्यांचा वर्ण आणि आपली जात एक नव्हे. पण दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ बघितले की आपले मोजायची रीत कळते.

पुढच्या रविवारी माझी पाळी रात्रीची आहे, दुपार मोकळी. साउंडवाल्याच्या गाळ्यात ये. येताना त्या मागे बसलेल्यालाही घेऊन ये. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

जयभीम.